अणुयुद्ध शेजाऱ्यांचे, संकट नेपाळचे

तुमच्या नकाशासंग्रहातील आशिया खंडाचे पान उघडा. हिमालयाच्या कुशीत, थोडासा तिरपा ठेवलेल्या विटेसारखा एक लांबट देश दिसेल. हा नेपाळ. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी. २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली. उत्तरेला चीनच्या ताब्यातील तिबेट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. समुद्र कोठेच नाही. अठराव्या शतकात आजचा नेपाळ घडविणारे राजे पृथ्वीनारायण शाह यांनी आपल्या देशाला दोन धोंड्यांमध्ये वाढणाऱ्या कंदाची उपमा दिली होती.

त्या दोन्ही धोंड्यांजवळ आज अण्वस्त्रे आहेत. चीनने १९६४ साली लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. भारताने १९७४ साली पोखरण येथे पहिली चाचणी घेतली आणि मे १९९८ मध्ये पुन्हा चाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चगाई येथे स्फोट घडवून आणले. स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या आरंभी चीनजवळ सुमारे ६००, भारताजवळ १८० आणि पाकिस्तानजवळ १७० अण्वस्त्रे होती. नेपाळजवळ अर्थातच एकही नाही. अण्वस्त्रे न बाळगण्याच्या करारात तो देश १९७० मध्येच सामील झाला.

आता एक कल्पना करू. या शेजाऱ्यांपैकी दोघांमध्ये अणुयुद्ध पेटले. भारत आणि चीन म्हणा, किंवा भारत आणि पाकिस्तान म्हणा. नेपाळवर एकही बाँब पडला नाही. नेपाळने कोणाची बाजूही घेतली नाही. मग नेपाळचे काय होईल?

हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक हात वर होतील आणि एकच उत्तर येईल, “किरणोत्सर्ग!” उत्तर चूक नाही. पण किरणोत्सर्ग हे नेपाळवरचे सर्वांत मोठे संकट असेल का, हे पाहण्यासाठी थोडे गणित आणि थोडा भूगोल करावा लागेल.

धूळ कोठून येते?

अणुबाँब उंच हवेत फुटला तर त्याचा अग्निगोल जमिनीला टेकत नाही. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी टाकलेला बाँब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला होता. अशा स्फोटात शहर उद्ध्वस्त होते, परंतु किरणोत्सर्गी द्रव्ये अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने उंच जातात आणि दूरवर विरळ होऊन पसरतात. बाँब जमिनीवर किंवा जमिनीलगत फुटला तर गोष्ट निराळी. तेव्हा हजारो टन माती अग्निगोलात ओढली जाते, वितळते, तिच्यात किरणोत्सर्गी अणू मिसळतात आणि मग ही जड धूळ वाऱ्याच्या दिशेने खाली पडत जाते. विमानांच्या धावपट्ट्या, जमिनीखालची कोठारे अशी लक्ष्ये फोडायची असतील तर स्फोट जमिनीलगत करावा लागतो. म्हणून युद्धात असे स्फोट होणारच नाहीत, असे धरून चालता येत नाही.

अशा धुळीने युद्धाशी काहीही संबंध नसलेल्या माणसांचे काय होते, याचे उदाहरण १९५४ सालचे आहे. १ मार्च रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळबेटावर १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट शक्तीचा हायड्रोजन बाँब फोडला. तेथून दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. मुले तिच्यात खेळली. तेथील लोकांना हलवायला सुमारे दोन दिवस लागले. त्याच वेळी समुद्रात मासेमारी करीत असलेल्या ‘दाईगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवरील २३ जणांच्या अंगावर हीच राख पडली. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावले.

आता अंतरे मोजू. लखनौपासून सीमेवरचे नेपाळगंज हवाई अंतराने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. दिल्लीपासून नेपाळच्या पश्चिम टोकाचे भीमदत्त नगर, म्हणजे पूर्वीचे महेंद्रनगर, तीनशेच्या आत आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा दिल्लीकडून निघाला तर सात-साडेसात तासांत तेथे पोचतो.

सात हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्यात एक सोपा नियम दडलेला आहे. अणुस्फोटाच्या धुळीतील किरणोत्सर्ग आरंभी अतिशय वेगाने कमी होतो. वेळ सातपट झाली की तीव्रता साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. स्फोटानंतर एका तासाने ती १००० मानली, तर ७ तासांनी १०० उरते, ४९ तासांनी, म्हणजे सुमारे दोन दिवसांनी, १० आणि दोन आठवड्यांनी फक्त १. तेव्हा दिल्लीची धूळ नेपाळला पोचेतो तिची नखे बरीच बोथट झालेली असतील. शिवाय वाटेत ती पसरून विरळही होईल. हिरोशिमाएवढ्या बाँबची प्राणघातक धूळ मुख्यतः पहिल्या काही दहा किलोमीटरांतच पडते. मेगाटन शक्तीच्या बाँबांचे तसे नाही, हे बिकिनीने दाखविले आहे आणि चीनजवळ असे बाँब १९६७ पासून आहेत.

घरात थांबण्याचा फायदाही मोजता येतो. सुमारे ९ सेंटिमीटर जाडीची घट्ट माती गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करते. नेपाळच्या डोंगरांतील जुन्या दगडमातीच्या घरांच्या भिंती ४५ सेंटिमीटर जाड असल्या, तर पाच वेळा निम्मे, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. दगड मातीहून जड, तेव्हा थोडे अधिकच. मात्र छप्पर पातळ पत्र्याचे असेल तर हे सारे गणित वरून गळते! अशा घरात छपरापासून दूर, खालच्या मजल्यावर, भिंतींच्या मधोमध बसणे शहाणपणाचे. पहिले दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे, हे वरच्या नियमावरून तुमच्या ध्यानात आलेच असेल.

वारा आणि पाऊस

युद्ध कोणत्या महिन्यात होते, यावर बरेच अवलंबून राहील. नोव्हेंबरपासून मेपर्यंत उत्तर भारतावर आणि हिमालयावर वरच्या थरांत पश्चिमेचे वारे वाहतात. पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळले की त्याचा धूर नेपाळपर्यंत जातो तो याच वाऱ्यांबरोबर. पावसाळ्यात चित्र उलटते. बंगालच्या उपसागरावरून आलेले मोसमी वारे हिमालयाला अडून पायथ्याच्या कडेने पश्चिमेकडे वळतात. तेव्हा दिल्लीकडची धूळ नेपाळपासून दूर जाण्याचा संभव अधिक, पण बिहार-बंगालकडची येण्याचा संभव तितकाच.

पाऊस मात्र येथे दुष्टावा करू शकतो. १९८६ साली एप्रिलच्या २६ तारखेला चेर्नोबिल येथील अणुभट्टीत अपघात झाला. तेथून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या ब्रिटनमधील वेल्स आणि कंब्रिया या डोंगराळ भागांवर ढग पोचले त्याच सुमारास जोराचा पाऊस झाला आणि सीझियम गवतावर उतरले. तेथील काही कुरणांतल्या मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. मधल्या कितीतरी सपाट प्रदेशांना एवढा त्रास झाला नाही. डोंगर ढगांना अडवितात आणि पिळतात. नेपाळ तर डोंगरांचाच देश. पोखऱ्याजवळच्या लुम्ले येथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

हिमालयाच्या उंचीमुळे मैदानातली घाण वर चढत नसेल, असेही समजू नका. एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबू खोऱ्यात ५०७९ मीटर उंचीवर काचेच्या पिरॅमिडसारखी एक प्रयोगशाळा आहे. इटालियन आणि नेपाळी शास्त्रज्ञांनी तेथे २००६ पासून हवेची मापे घेतली. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत दुपारी दऱ्यांतून वर चढणाऱ्या वाऱ्यांबरोबर मैदानातील काजळी तेथवर येते, असे त्यांना आढळले. काठमांडूची अडचण वेगळी. ते शहर वाडग्यासारख्या खोऱ्यात वसले आहे आणि हिवाळ्यात थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले की आत आलेला धूर बाहेर पडत नाही.

दूरच्या अणुस्फोटांची खूण हिमालयात पूर्वीच पोचलेली आहे. १९५० ते १९६३ या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी हवेत केलेल्या चाचण्यांची धूळ जगभरच्या बर्फावर पडली. हिमनदीत नळी खुपसून बर्फाचा गाभा काढला की शास्त्रज्ञ हे थर शोधतात आणि त्यांवरून वरच्या-खालच्या बर्फाचे वय ठरवितात. २००६ साली नेपाळच्या वायव्य सीमेपलीकडील नैमोनानी शिखराच्या हिमनदीतून असा गाभा काढला, तेव्हा हे थर सापडलेच नाहीत. याचा अर्थ ते पडले नव्हते असा नव्हे. त्यानंतरच्या काळात पडलेला बर्फ वितळून गेला होता आणि त्याबरोबर ती खूणही वाहून गेली होती. कोठे? अर्थात खालच्या नद्यांत.

मिठाचा प्रश्न

धुळीतील बहुतेक द्रव्ये लवकर क्षीण होतात, तरी तीन नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आणि स्ट्राँशियम-९० चे सुमारे २९ वर्षांचे. स्ट्राँशियम कॅल्शियमच्या कुळातले असल्यामुळे गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जाते. तिसरे द्रव्य आयोडीन-१३१. याचे अर्धायुष्य जेमतेम आठ दिवसांचे. पण ते गळ्यातील अवटू ग्रंथीत, म्हणजेच थायरॉइडमध्ये, साठते आणि तेथे कर्करोग उत्पन्न करू शकते. चेर्नोबिलनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी लहान असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत या ग्रंथीचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. त्यांतील मोठ्या हिश्श्याचे कारण आयोडीन मिसळलेले दूध होते.

आता पहा. ज्या शरीराला आहारातून पुरेसे आयोडीन मिळत नाही, त्याची अवटू ग्रंथी भुकेलेली असते. ती चांगले-वाईट ओळखत नाही. समोर येईल ते आयोडीन अधाशीपणे ओढून घेते. हिमालयातील माती पावसाने आणि बर्फाने हजारो वर्षे धुतली गेल्यामुळे तिच्यात आयोडीन फार थोडे. म्हणूनच नेपाळच्या डोंगरांतील गावोगावी पूर्वी गलगंड झालेली माणसे सर्रास दिसत. १९७३ पासून तेथे आयोडीनयुक्त मीठ पुरविण्याचा कार्यक्रम भारताच्या मदतीने सुरू झाला आणि गलगंड पुष्कळच हटला.

पण हे मीठ येते कोठून? नेपाळला समुद्र नाही आणि मिठाच्या म्हणण्याजोग्या खाणीही नाहीत. पूर्वी तिबेटच्या खाऱ्या सरोवरांचे मीठ याकांच्या आणि मेंढ्यांच्या पाठीवरून येत असे. त्या बदल्यात नेपाळी व्यापारी धान्य देत. आज मीठ भारतातून, मुख्यतः गुजरातेकडून, रेल्वेने व ट्रकने येते. युद्धात रेल्वे लष्करासाठी धावतील, बंदरे बंद पडतील आणि गुजरात तर सीमेवरचेच राज्य! म्हणजे ज्या वेळी नेपाळी मुलांच्या गळ्याला चांगल्या आयोडिनाची सर्वाधिक गरज, नेमके त्या वेळी ते येणे थांबेल. येथून आपण धुळीचा विषय सोडून रस्त्यांच्या विषयाकडे वळतो. माझ्या मते नेपाळचे खरे संकट येथून सुरू होते.

रस्ते बंद झाले तर

नेपाळचा समुद्रमार्गी माल कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणम या बंदरांतून येतो आणि त्यातला बराच भाग रक्सौल-वीरगंज या एका नाक्यावरून आत शिरतो. पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस भारतातूनच जातो. बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ साली सुरू झाली. रासायनिक खते नेपाळमध्ये बनत नाहीत, तीही आयात होतात.

ही वाट बंद झाली म्हणजे काय होते, याचा अनुभव नेपाळने बाँबाशिवायही घेतला आहे. एप्रिल २०१५ मधील भीषण भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. त्यातून देश सावरतो न सावरतो तोच सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना जाहीर झाली आणि तराईत आंदोलन पेटले. सीमेवरील मालाची वाहतूक पुढे चार-साडेचार महिने जवळजवळ ठप्प होती. नेपाळ सरकारने याला भारताची नाकेबंदी म्हटले. भारताने ते नाकारले आणि आंदोलनामुळे ट्रक अडल्याचे सांगितले. कोणाचे खरे, हा वाद बाजूला ठेवू. काठमांडूत लोक गॅसऐवजी लाकडे पेटवून स्वयंपाक करीत होते, गाड्यांच्या रांगा मैलोगणती लागत होत्या आणि रुग्णालयांत औषधे कमी पडत होती, याबद्दल मात्र वाद नाही. त्या वेळी भारतात सर्व काही सुरळीत होते. गुजरातचे मीठ, आसामचे तेल, पंजाबचा गहू, सारे जागच्या जागी होते. अणुयुद्धानंतर तसे नसेल.

उत्तरेकडून माल आणता येणार नाही का, असे तुम्ही विचाराल. रस्ते आहेत. पण ते भूकंपाने, दरडींनी आणि बर्फाने वारंवार बंद पडतात आणि चीनची मोठी बंदरे तेथून हजारो किलोमीटर दूर आहेत. शिवाय युद्धात चीनच एक पक्ष असेल तर बोलायलाच नको.

माल थांबला तरी माणसे थांबणार नाहीत. भारत-नेपाळ सीमा सुमारे १७५० किलोमीटरची आणि खुली आहे. १९५० च्या मैत्री करारानंतर दोन्ही देशांच्या नागरिकांना ये-जा करायला पारपत्र लागत नाही. मुंबई-पुण्यातील इमारतींचे कितीतरी पहारेकरी आणि उपाहारगृहांतील कामगार नेपाळच्या अछाम, डोटी, बझांग यांसारख्या सुदूर पश्चिमेकडील जिल्ह्यांतून आलेले असतात. संकटात माणूस घराकडे धावतो. २०२० साली करोनाची टाळेबंदी झाली तेव्हा असे लाखो लोक परत निघाले. सीमा बंद पाहून दार्चुला येथे काही तरुणांनी महाकाली नदी पोहून ओलांडली. अणुयुद्धात त्यांच्याबरोबर जखमी असतील, किरणोत्सर्गाची बाधा झालेले असतील आणि उत्तर प्रदेश-बिहारमधील बेघर कुटुंबेही असतील. भाजलेल्या रुग्णावर उपचार करण्यास महिनोन्महिने लागतात आणि असे उपचार करणारी रुग्णालये नेपाळमध्ये मोजकीच आहेत. परदेशात राबणाऱ्या माणसांनी पाठविलेला पैसा हा नेपाळच्या उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. तोही आटेल.

काजळीचा पडदा

येथवर आपण दिवसांचा आणि महिन्यांचा हिशेब केला. आता वर्षांचा करू.

१९८२ साली पॉल क्रुट्झेन आणि जॉन बर्क्स या शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट जगाच्या नजरेस आणली. अणुबाँब पडले की शहरे जळतील, आणि शहरे जळाली की अफाट धूर होईल. पुढच्याच वर्षी कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित करून दाखविले की अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या युद्धातील हा धूर सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी गोठवील. ‘आण्विक हिवाळा’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला.

साधा धूर पावसाने आठवड्याभरात धुऊन निघतो. मग हा का नाही निघणार? काजळी काळी असते. उन्हात ती तापते, आपल्याभोवतीची हवा तापविते आणि त्या हवेबरोबर वर चढते. चढता चढता ती पावसाच्या ढगांच्या वर, स्थितांबरात जाते. तेथे पाऊस नाही, तेव्हा ती वर्षानुवर्षे राहते. ही केवळ कागदावरची कल्पना नाही. २०१७ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मोठे वणवे लागले, तेव्हा त्यांचा धूर सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून दोन महिन्यांत २३ किलोमीटरपर्यंत चढल्याचे उपग्रहांना दिसले.

२००७ साली ॲलन रोबॉक, ब्रायन टून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तान युद्धाचा हिशेब मांडला. दोन्ही बाजूंनी हिरोशिमाएवढे पन्नास-पन्नास बाँब शहरांवर पडले, तर ५० लाख टन काजळी वर जाईल आणि जगाचे सरासरी तापमान सुमारे सव्वा अंशाने उतरेल, असे निघाले. २०१९ साली अधिक आणि मोठी अस्त्रे धरून हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा काजळी १ कोटी ६० लाख ते ३ कोटी ६० लाख टन, तापमानातील घट २ ते ५ अंश सेल्सियस आणि जगातील पावसातली घट १५ ते ३० टक्के निघाली. सगळे शास्त्रज्ञ या आकड्यांशी सहमत नाहीत. अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेतील काहींनी २०१८ साली काँक्रीटची शहरे किती जळतील आणि काजळी किती उंच जाईल याचे वेगळे गणित करून परिणाम पुष्कळच सौम्य असतील असे म्हटले. म्हणून आपणही येथे मोठा आकडा न घेता दोन अंशांची घट धरू.

दोन अंश म्हणजे काय मोठेसे, सकाळ-दुपारमध्ये याहून अधिक फरक पडतो, असे वाटेल. म्हणून नेपाळच्या जुमला जिल्ह्यात जाऊ. तेथे ‘मार्सी’ नावाचे लालसर तांदळाचे भात सुमारे ३००० मीटर उंचीपर्यंत पिकते. जगात इतक्या उंचावर भातशेती क्वचितच होत असेल. डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. तेव्हा तापमान दोन अंशांनी उतरणे म्हणजे प्रत्येक शेत जागच्या जागी सुमारे ३०० मीटर वर उचलून ठेवण्यासारखे आहे! जुमल्याचे खाचर, जेथे आज भात जेमतेम पिकते, ते उद्या ३३०० मीटरवर गेले असे समजा. भाताला फुलोऱ्याच्या सुमारास थंडी बाधली तर परागकण निकामी होतात. रोप हिरवेगार उभे राहते, लोंब्याही येतात, पण दाणे भरत नाहीत. शेतकऱ्याला हे कळते ते कापणीच्या तोंडावर.

थंडीचा हा मार डोंगराळ जिल्ह्यांवर. तराईचा सपाट पट्टा उबदार आहे आणि नेपाळचे धान्याचे कोठार तोच. तेथे धोका वेगळा. नेपाळच्या वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमीन तापते, समुद्र तितका तापत नाही, या फरकावर मोसमी वारे चालतात. काजळीच्या पडद्याखाली जमीन नीट तापलीच नाही, तर वाऱ्यांचा जोर मंदावेल. बांध घालून ठेवलेली खाचरे रोपांची वाट पाहत राहतील आणि त्याच वर्षी खतही आलेले नसेल.

अशा वेळी शेजाऱ्याकडून धान्य मागावे, हा नेहमीचा उपाय. पण तोच मोसमी पाऊस भारतालाही पोसतो. जुलै २०२३ मध्ये युद्ध नव्हते, दुष्काळही नव्हता. केवळ देशातील भाव चढू नयेत म्हणून भारताने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविली होती. नंतर ऑक्टोबरमध्ये नेपाळसाठी ९५ हजार टनांची खास परवानगी दिली. अणुयुद्धानंतर अशी परवानगी द्यायला कोणाजवळ काही उरले असेल का? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतरच्या जगभरच्या उपासमारीत दोनशे कोटी माणसे मरू शकतील असा अंदाज केला. स्फोटांत आणि आगीत मरणाऱ्यांपेक्षा हा आकडा कितीतरी पटींनी मोठा आहे. आणि ही माणसे बहुतेक युद्धाबाहेरच्या देशांतली असतील.

नेपाळ काय करू शकतो?

बाँब थांबविणे त्याच्या हाती नाही. तरी त्याने आपले म्हणणे मांडायचे सोडलेले नाही. १९७५ साली राजे बीरेंद्र यांनी नेपाळला ‘शांतिक्षेत्र’ मानावे असा प्रस्ताव मांडला आणि शंभराहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला. भारताने मात्र तो मान्य केला नाही. २०१७ साली अण्वस्त्रबंदीच्या नव्या करारावर नेपाळने पहिल्याच दिवशी सही केली. आशिया व प्रशांत विभागासाठी संयुक्त राष्ट्रांचे निःशस्त्रीकरण केंद्र २००८ साली काठमांडूत आले. शेजाऱ्यांनीही एक चांगली गोष्ट केली आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तान यांनी १९८८ च्या अखेरीस केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्र नेपाळच्या पश्चिम सीमेपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे हा करार टिकणे नेपाळलाही हवेच आहे.

उरतो साठ्यांचा हिशेब. तो तुम्ही वहीत करून पाहू शकता. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले तर २ कोटी ९१ लाख लोकांना रोज ११,६४० टन लागेल. दहा टनांचा एक, असे ११६४ ट्रक झाले! वर्षभरासाठी सुमारे साडेबेचाळीस लाख टन. एवढे धान्य एका वर्षी बाजूला काढणे नेपाळसारख्या देशाला शक्य नाही. पण दरवर्षी थोडे थोडे साठवून दोन-तीन महिन्यांची तरी बेगमी करता येईल. २०१५ सारख्या प्रसंगीही ती उपयोगी पडेल.

मिठाचे गणित बरेच सोपे निघते. माणशी १० ग्रॅम धरले तरी रोज २९१ टन, वर्षाला सुमारे १ लाख ६ हजार टन. धान्याच्या चाळिसाव्या हिश्श्यात संपूर्ण देशाचे वर्षभराचे मीठ होते. ऐन प्रसंगी मुलांना द्यावयाच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांची जागा मीठ घेऊ शकत नाही, त्या वेगळ्या ठेवाव्या लागतील. पण ग्रंथी आधीच तृप्त ठेवण्याचे काम हे मीठच करते. अडचण एवढीच की मिठातील आयोडीन दमट हवेत हळूहळू उडून जाते. तेव्हा गोदामे वीरगंज-नेपाळगंजच्या ओलसर पट्ट्यात, नाक्याला लागून बांधून चालणार नाही. ती वर, कोरड्या हवेच्या डोंगरी जिल्ह्यांत बांधावी लागतील. पूर्वी तिबेटहून मीठ घेऊन येणारे तांडे ज्या वाटांनी उतरत, त्याच वाटांवरच्या गावांत.